एका कान्याचं अंतर

वर्षातून चार-दोनदा तरी आमच्या दुकानासमोर परगावची एखादी गाडी थांबते. काच खाली होते. मागच्या सीटवर दुर्वांची पिशवी मांडीवर धरलेल्या आजी असतात आणि गाडी चालवणारा मुलगा मोबाइल पुढे करून विचारतो, "काका, वरदविनायकाचं देऊळ कुठल्या अंगाला?" मी आधी त्यांना पाणी विचारतो, कारण पुढचं ऐकायला घशाला थोडी ओल लागते. अष्टविनायकातला वरदविनायक महडला, खोपोलीजवळ, खालापूर तालुक्यात. तुम्ही आलात ते महाड. जिल्हा दोन्हींचा रायगडच, इंग्रजी अक्षरं दोन्हींची तीच, आणि मधे शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता. मराठीत लिहिलं तर फरक एका कान्याचा. तो काना मोबाइलमध्ये कोणी लिहीत नाही.

मुलगा चिडतो. आधी मोबाइलवर, मग बायकोवर. आजी सहसा चिडत नाहीत. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एक आजी तर गाडीतून उतरून सरळ म्हणाल्या, "मग इथं कोण आहे?" म्हटलं, वीरेश्वर. आमचं ग्रामदैवत, महादेव. "मग बरंच झालं की. बापाकडे ठेवलं तर लेकाला पोचतंच." आणि एकवीस दुर्वांची जुडी घेऊन त्या देवळाच्या वाटेला लागल्यासुद्धा. नावाच्या घोटाळ्यातून इतक्या सहज वाट काढणारं माणूस मी त्याआधी एकच पाहिलं होतं, माझे वडील.

आमच्या दुकानाचं नाव सावित्री. किराणा व जनरल. बाबांनी नाव ठेवताना फार डोकं चालवलं असं नाही. नदी समोर होती. आमच्याकडे नाव ठेवायची वेळ आली की लोक आधी गडाकडे बघतात, मग नदीकडे, आणि ती दोन्ही नावं शेजाऱ्यानं आधीच घेतलेली असली तरी कोणाचं काही अडत नाही. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरातली. तिथं पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एका गोमुखातून पडतं, त्यातल्या कृष्णा, कोयना, वेण्णा देशावर गेल्या आणि ही कोकणात उतरली. पोलादपूरवरून, महाडवरून बाणकोटच्या खाडीपर्यंत जिथं जिथं ती पाणी पाजते तिथं तिथं आपलं नाव ठेवून जाते. पिठाची गिरणी, खानावळ, बचत गट, भजनी मंडळ, एखादी मुलगी. माझ्या वर्गात तीन सावित्र्या होत्या. महाडला तिला गांधारी येऊन मिळते. म्हणजे नवऱ्यासाठी यमाशी वाद घालणारी एक आणि नवऱ्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधणारी एक, अशा दोघी आमच्या गावाच्या वेशीवर भेटतात. पावसाळ्यात दोघींना एकदमच बोलायचं असलं की गाव पाण्याखाली.

तर पोलादपुरातही एक सावित्री होतं. तेही किराणा व जनरल. आधीचं कोणाचं, यावर दोन्ही घरांत दोन मतं आहेत. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. माल मुंबईहून ट्रकनं यायचा. बिल्टीवर दुकानाचं नाव ठळक, गावाचं नाव कार्बनच्या तिसऱ्या प्रतीत पुसट, आणि हमालाला माहिती एवढीच की माल घाटाच्या अलीकडचा आहे. मुंबईहून येताना महाड आधी लागतं. त्यामुळे पोलादपूरचा साबण, पोलादपूरच्या उदबत्त्या, पोलादपूरचे बिस्किटांचे खोके आधी आमच्या ओट्यावर उतरायचे. उलटं क्वचित व्हायचं, पण व्हायचं. एका वर्षी आमची दिवाळीची डालड्याची आख्खी खेप पोलादपूरला गेली आणि वसुबारसेला बाबा डोकं धरून बसले. संध्याकाळी एसटीच्या टपावरून डबे आले. सोबत पुडीच्या कागदावर चिठ्ठी होती: 'महाडचे शेठ यांस. आपले बारा डबे. एक चेपला आहे, तो आमच्याकडे चेपला नाही.'

बाबांना हे शेवटचं वाक्य इतकं आवडलं की घरात काहीही तुटलं-फुटलं की ते तेच म्हणायचे. पुढे कितीतरी वर्षं दोघं एकमेकांना न भेटता एकमेकांचा माल सांभाळत राहिले. हे त्यांना पोलादपूरचे शेठ म्हणायचे, ते यांना महाडचे शेठ. खरी नावं दोघांना ठाऊक होती, पण ती कधी लागली नाहीत.

आमच्या पाटीचंही सांगायला हवं. पेंटरनं पहिल्याच दिवशी निळ्या पत्र्यावर पिवळ्या रंगात 'सावीत्री' लिहून ठेवलं होतं, वी दीर्घ. माझे शाळेतले मास्तर येता-जाता सांगायचे, "अहो, वि ऱ्हस्व करून घ्या, मुलं चुकीचं शिकतात." बाबा हो म्हणायचे. पुढे पाटी दोनदा रंगवून घेतली आणि दोन्ही वेळा पेंटरला बजावलं, वी आहे तशी गिरव. कारण विचारायचं मला सुचलं तेव्हा मी कॉलेजात होतो. बाबा तराजूतून मान वर न करता म्हणाले, "ऱ्हस्ववाले पोलादपूरला आहेत."

पाटीवरची ही युक्ती ते वहीत शिकले असणार. उधारीची वही म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, वरून दोरी गुंडाळलेली. एके काळी तीत पाच पांडुरंग होते. आडनावानं वेगळे करावेत तर तिघांचं आडनाव एक, आणि बापाच्या नावानं करावेत तर दोघांचे बाप तुकाराम. मग बाबांनी प्रत्येकाला शेपटी जोडली. पांडुरंग पुलाजवळचा. पांडुरंग म्हशीवाला. पांडुरंग म्हातारीचा. पांडुरंग मुंबई. पाचवा पांडुरंगही मुंबईच होता. पण १९८२चा गिरण्यांचा संप लांबला, तो लालबागची खोली सोडून बायकापोरांसह गावी आला, आणि त्याच्या पानावर बाबांनी 'मुंबई'वर काट न मारता पुढे कंसात लिहिलं, 'परत आला'. ते दोन शब्द माझ्या डोळ्यांदेखत लिहिले गेले. तो समोर उभा होता, एक किलो तांदूळ आणि पाव किलो तूरडाळ मागत होता, आणि उलट्या बाजूनं वही वाचायचा प्रयत्न करत होता. बाबांनी वही जरा तिरकी धरली.

'म्हातारीचा' जो होता त्याची म्हातारी पुढे गेली. मी गल्ल्यावर बसायला लागलो तेव्हा ते खोडायला निघालो होतो. बाबा म्हणाले, "राहू दे. नाहीतर कोण तो कसं कळणार?"

गावांचंही तेच. पोलादपूर तालुक्यात कापडे बुद्रुक आहे नि कापडे खुर्द आहे, कोतवाल बुद्रुक आहे नि कोतवाल खुर्द आहे. बुद्रुक म्हणजे फारसीतला बुजुर्ग, थोरला. खुर्द म्हणजे धाकटा. फारसी बोलणारे कधीच गेले, पण थोरल्या-धाकट्याची वाटणी सातबाऱ्यावर तशीच. वरंध घाटाच्या खाली तर शिवथर तीन: कसबे, आंबे आणि कुंभे. त्याच खोऱ्यात समर्थांची शिवथरघळ. दासबोधाची ही जागा १९३० साली शोधून काढली ती धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी. सांगायची गंमत एवढीच की नुसतं 'शिवथर' म्हणून एसटीत बसलात तर कंडक्टर तिकीट फाडत नाही, तोंडाकडे बघत राहतो.

आमच्या आत्याचं सासर गोरेगावचं. माणगाव तालुक्यातलं, लोणेऱ्याशेजारचं गोरेगाव. मुंबईच्या पाहुण्यांना कायम वाटायचं की हिला काय, लोकलनं सुटसुटीत जाता येतं. कोकण रेल्वे आली तेव्हा स्टेशनचं नाव 'गोरेगाव रोड' ठेवावं लागलं. आत्याला तो 'रोड' आपल्या गावाचा अपमान वाटला. कशेडी घाट उतरलं की खेड लागतं, रत्नागिरीचं. दुसरं खेड पुणे जिल्ह्यात, त्याला हुतात्मा राजगुरूंचं नाव मिळालं, तालुका मात्र अजून खेडच. आमचं जवळचं स्टेशन वीर, आणि म्हस्कोबाचं वीर पुरंदरात. यादी संपणारी नाही, पोस्टमननाच विचारा.

पोस्टाचा मात्र या बाबतीत मान राखायला हवा. एकसारखी नावं, न वाचता येणारं अक्षर आणि देशातल्या एवढ्या लिप्या, या सगळ्यावर १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोडचा उतारा आला, आणि तो काढणारा माणूस मराठी. श्रीराम भिकाजी वेलणकर, पोस्ट-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. शब्दाला दहा अर्थ असतात हे कवीइतकं कोणाला ठाऊक असणार. म्हणून कदाचित त्यांनी शब्द सोडून आकडे धरले. हा माझा अंदाज, खात्याचं म्हणणं वेगळं असेल. आमचं महाड ४०२३०१ आणि पोलादपूर ४०२३०३. बाबांनी दोन्ही पाठ केले, बिलांवर छापून घेतले. पत्रं बिनचूक येऊ लागली. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र पिनकोडशी काही देणंघेणं नव्हतं, आणि बिस्किटं पोस्टानं येत नाहीत.

नावाचा घोटाळा आमच्या जिल्ह्याच्या कुंडलीतच आहे. १९८१पर्यंत आम्ही कुलाबा जिल्ह्यात राहत होतो. कुलाबा म्हणजे अलिबागच्या समुद्रातला किल्ला. पण दुसरा कुलाबा मुंबईत, आणि रेडिओवर 'कुलाबा वेधशाळेच्या अंदाजानुसार' असं म्हटलं की आमची आजी सुपातलं धान्य आत घ्यायची, कारण वेधशाळा आपल्या जिल्ह्याची. तिला हसण्यात अर्थ नव्हता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून तिथल्या वेधशाळेचं चुंबकीय मोजमापाचं काम १९०४ साली अलिबागला हलवलं होतं, म्हणजे कुलाब्याहून कुलाब्यात. पुढे आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री झाले आणि जिल्ह्याला गडाचं नाव मिळालं. घोटाळा मिटला म्हणावं तर तिकडे छत्तीसगडात रायगढ बसलंय. माझ्या मुलाच्या एका ऑनलाइन अर्जावर परीक्षा केंद्र तिथलं आलं होतं. ते दुरुस्त करता करता मला डालड्याचे डबे आठवत होते.

ही शेपटी नेहमी निरुपद्रवी असते असं मात्र कोणी समजू नये. आमच्या भागात मोरे पुष्कळ. नवा माणूस 'मी मोरे' म्हणाला की समोरचा विचारतो, "कुठले मोरे?" वरवर हा गाव विचारणारा प्रश्न. पण गावाचं नाव सांगून तो संपत नाही, विचारणारा आणखी जरा थांबतो, आणि तो कशासाठी थांबलाय हे दोघांनाही ठाऊक असतं.

इतिहासातले मोरे म्हणजे जावळीचे. पोलादपूरच्या डोक्यावर जो डोंगर दिसतो त्याच्या पलीकडचे. त्यांच्यात चंद्रराव हे नाव नव्हतंच, तो आदिलशाहीचा किताब. एक चंद्रराव गेला की गादीवर बसणारा चंद्रराव, त्याच्या मागून येणारा चंद्रराव. मालक बदलावा आणि पाटी तीच राहावी तसं. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, पाठोपाठ रायरी घेतली, रायरीचा रायगड झाला आणि ती पाटी उतरली.

दुसरे मोरे आमच्या तालुक्यातले, लाडवली-दासगावचे. रामचंद्र बाबाजी मोरे. १९ आणि २० मार्च १९२७ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, ती भरावी म्हणून ज्यांनी पायपीट केली त्यांतले हे महत्त्वाचे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ सालीच झालेला. सुरबानाना टिपणीस अध्यक्ष असताना महाडच्या नगरपालिकेनंही तळं सर्वांना खुलं असल्याचं ठरवलेलं. सगळं कागदावर. २० मार्चला डॉ. आंबेडकर चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा कागद ओला झाला. एकाच नदीच्या खोऱ्यातले, एकाच आडनावाचे दोन मोरे. एका घराण्यात नुसतं नाव पिढ्यान्‌पिढ्या वारशानं चालत आलं. दुसऱ्याला तेच आडनाव असून तळ्याचं घोटभर पाणी मागायची सोय नव्हती. 'कुठले मोरे' या प्रश्नात ते तळं अजून थोडं साचलेलं आहे.

आणि वहीचं कौतुक केलंच आहे तर हेही सांगायला हवं. बाबांच्या पहिल्या काही वह्यांत सगळ्यांच्या पुढे पुलाजवळचा, म्हशीवाला असं नाही. काही नावांपुढे फक्त वाड्याचं नाव आहे. माणसाचं असं काही नाही. म्हशी तिथेही असतील, म्हाताऱ्या तर होत्याच. पुढच्या वह्यांत ते दिसत नाही, त्या माणसांनाही बाकीच्यांसारख्या शेपट्या मिळालेल्या आहेत: सायकलवाला, तबलजी, पोस्टातला. हे कोणत्या वर्षी आणि कशानं बदललं ते मी बाबांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

हिरकणीचं त्या मानानं हसण्यावारी न्यावं. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिथं बुरूज बांधला, गोष्ट एवढीच. आज एसटीच्या निमआराम गाडीचं नाव हिरकणी. स्टँडवर बाळाला पाजायची खोली केली, तिचं नाव हिरकणी कक्ष. पायथ्याला जिथून रोपवे निघतो ती हिरकणीवाडी. म्हणजे एखादी लेकुरवाळी हिरकणीनं येऊन, हिरकणीत बाळाला पाजून, हिरकणीवाडीहून पाळण्यात बसून हिरकणी बघायला जाऊ शकते. मूळच्या बाईला यातली एकही सोय नव्हती, म्हणून तर नाव झालं.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री टीव्हीवर पट्टी आली, महाडजवळ सावित्री पूल कोसळला. मुंबईहून फोन सुरू झाले आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, "कुठला?" कारण सावित्रीवर पूल काही एक नाही. पोलादपूरला आहे, दादलीला आहे, खाली आंबेतला आहे. आणि ज्याचा त्याचा सावित्री पूल म्हणजे ज्याच्या त्याच्या घराकडे जाणारा. पडला तो राजेवाडीजवळचा, हायवेवरचा, इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल. दोन एसटी गाड्या त्या पुरात गेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानातला जुना फोन वाजला. बाबांनी उचलला. पलीकडे अनोळखी बाई होत्या, लांबच्या कुठल्यातरी गावाहून. कोणाकडून तरी त्यांना महाडचा म्हणून एक नंबर मिळाला होता आणि त्यापुढे 'सावित्री' लिहिलेलं होतं. त्यांना वाटलं, मदतीचा असावा. "सावित्रीचं काही कळलं का हो?" असं त्यांनी विचारलं.

राँग नंबर असं बाबांनी म्हटलं नाही. गाडी कुठली, माणसाचं नाव काय, अंगावर शर्ट कुठला, सगळं बिलबुकाच्या पाठीवर उतरवून घेतलं. मग दुकान माझ्यावर टाकून, जिथं चौकशी चालू होती तिथं तो कागद घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनी त्या नंबरवर फोन लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम मागच्या बाजूला गेलो. पण त्यानंतर चार-पाच दिवस फोन आला की 'सावित्री' असं म्हणायची त्यांची सवय गेली होती. नुसतं 'हॅलो' म्हणायचे.

बाबा २०१८ला गेले. दहाव्याला पोलादपूरचे शेठ आले. मी त्यांना काका म्हणायला लागलो ते तेव्हापासून.

२२ जुलै २०२१. त्या दिवशी तळीयेची दरड कोसळली, पोलादपूरकडे केवनाळ्याला आणि साखर सुतारवाडीला डोंगर खाली आला, आणि महाडच्या बाजारपेठेत जे पाणी शिरलं ते आमच्या माळ्याला लागलं. महाडच्या दुकानदाराला पूर नवा नाही. पाणी चढायला लागलं की आधी साखर-मीठ वर, मग डाळी, मग तेलाचे डबे, वही नेहमी आपल्या काखेत, हा क्रम मला लहानपणापासून पाठ. या वेळी क्रम कामाला आला नाही, कारण 'वर' म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर शटर उचललं तर आत ढोपरभर गाळ, त्यात फुगलेले तांदूळ, साबणाच्या वड्यांवर साबणाचाच फेस. पाटी जागेवर नव्हती. पत्रा गेला, दोन खिळे तेवढे राहिले.

तीन-चार दिवसांनी काका आले. जीपमधून. दोन फावडी, खराटे, पाण्याचे कॅन, तांदळाच्या भाकऱ्यांची टोपली आणि वर मागच्या हौद्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी. त्यांच्याकडेही त्या आठवड्यात फोन चालूच होते. सावित्री बुडालं असं मुंबईला कोणीतरी ऐकलेलं, नातेवाईक रडत विचारत होते, आणि ते सगळ्यांना सांगत होते, "बुडालं ते महाडचं. आम्ही ठीक आहोत." हे सांगताना काका जरा ओशाळले. म्हणाले, "दहाव्यांदा तेच बोललो आणि वाटलं, हे काय बोलतोय मी. म्हणून निघालो."

गोणपाटात आमची पाटी होती. एका टेम्पोवाल्याला ती खाली दासगावच्या अंगाला गाळात उभी रुतलेली दिसली. त्याची भाडी नेहमी पोलादपूरची. त्यानं सावित्री वाचलं आणि नेमानं नेऊन दिली पोलादपूरला.

मी पत्र्यावरचा चिखल पंज्यानं पुसत म्हटलं, "काका, तुम्हाला तरी कसं कळलं आमची म्हणून? रंगही एकच." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मास्तर ढ पोराकडे बघतात. मग वीवर बोट ठेवलं.

तो पत्रा पुन्हा लावण्यासारखा राहिला नव्हता, मधोमध वाकलेला, खिळ्यांच्या जागी फाटलेला. तो मी घरात माळ्यावर ठेवलाय. नवी पाटी फ्लेक्सची केली. फ्लेक्सवाल्या पोराला कागदावर लिहून दिलं होतं, वी दीर्घ, खाली रेघ मारून. तो हुशार निघाला. पाटी लावायला आला तेव्हा म्हणाला, "तुमची चूक मी कॉम्प्युटरवर दुरुस्त करून टाकली, शेठ. पैसे नाही घेतले त्याचे." वर चढून त्यानं चारी कोपरे घट्ट बांधून टाकले. मी खाली शिडी धरून उभा होतो.

आठ दिवसांत ओट्यावर बिस्किटांचे सोळा खोके उतरले. आमची ऑर्डर नव्हती. बिल्टी बघून मी फोन लावला.

"काका, तुमचे खोके आलेत."

"ठेव," ते म्हणाले. "येतोच. चहा टाक."